अजून वाचलं नव्हतंस?

‘अजून वाचलं नव्हतंस?’ याइतका निर्दय प्रश्न मराठीत दुसरा नसेल. पुस्तक रात्री जागून संपवावं, सकाळी कुणाला तरी सांगितल्याशिवाय चैन पडू नये, आणि समोरच्याने भुवई जराशी उचलून एवढंच विचारावं. आपल्या शोधाचा जागच्या जागी पंचनामा होतो.

तरीही आमच्या कट्ट्यावर दर शनिवारी संध्याकाळी हा प्रकार चालतो. प्रत्येकाने त्या आठवड्यात नवीन सापडलेली एक गोष्ट सांगायची. गाणं, पुस्तक, मोबाइलमधलं ॲप, एखादं गाव, काहीही. राजकारण, फ्लॅटचे भाव आणि स्वतःचा रक्तदाब एवढं वर्ज्य. आठवड्याची मुदत कुणी घातली कोण जाणे, पण शहाण्या माणसाने घातली असावी. सोमवारी डोक्यावर घेतलेलं गाणं गुरुवारी नकोसं होतं. बुधवारी हौसेने उतरवून घेतलेलं ॲप शुक्रवारी पुसून टाकलेलं असतं. शनिवारपर्यंत टिकेल ते सांगायचं. सकाळी सहाला फॉरवर्ड करणाऱ्यांना ही चाळणी ठाऊकच नाही. त्यांनी स्वतः तरी ते वाचलेलं असतं का, हा वेगळाच प्रश्न.

मी एकदा ‘मर्लिन’ हे ॲप नेलं होतं. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी-प्रयोगशाळेने ते केलंय, आणि ते फुकट आहे. फोन खिडकीत धरला की नुसत्या आवाजावरून पक्ष्याचं नाव सांगतं. आमच्या मागच्या आंब्यावर पहाटे कुणीतरी फार सुरेल शीळ घालायचं. ॲपने सांगितलं, हा दयाळ. मी धावत स्वयंपाकघरात वर्दी दिली. बायको कुकरच्या शिट्ट्या मोजत होती. म्हणाली, “दयाळच तो. रोज असतो. फोनला कशाला विचारत बसलात?” कट्ट्यावर मी हा उत्तरार्ध वगळला.

गाण्याचं मात्र वेगळं झालं. 1977 साली अमेरिकेने दोन व्हॉयेजर यानं आकाशात सोडली. त्यांच्यावर सोन्याचा मुलामा दिलेली एकेक तबकडी आहे, कधी काळी कुणी परग्रहवासी भेटलाच तर त्याला पृथ्वीची ओळख व्हावी म्हणून. तिच्यात बाख आणि बेथोव्हेन यांच्या पंगतीला गोव्यातल्या केरीच्या केसरबाई केरकर बसल्या आहेत. भैरवी आहे, साडेतीन मिनिटांची. अल्लादिया खाँसाहेबांच्या तालमीत तयार झालेल्या बाई, एकेक राग सावकाश उलगडत नेणाऱ्या. आणि सबंध विश्वासमोर वेळ मिळाला साडेतीन मिनिटांचा! व्हॉयेजर-1 5 सप्टेंबरला निघालं आणि 16 सप्टेंबरला केसरबाई गेल्या. 2012 साली ते यान तारकांमधल्या पोकळीत शिरलं. त्यांचा आवाज अजून लांबच चाललाय.

ही ध्वनिमुद्रिका ऐकून मी इतका भारावलो की शनिवारची वाट न बघता मावशीला फोन लावला. मावशी पंच्याऐंशीच्या पुढची. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, “अरे, मी समोर बसून ऐकलंय त्यांना. तिकिटासाठी आमच्या अण्णांनी किती ठिकाणी शब्द टाकला होता. आणि त्या परग्रहावरच्यांना फुकट?”

मग ती सुरू झाली. माझ्या आईची हट्टाने नेसलेली साडी, मध्यंतरातली कॉफी, परतताना ट्राममध्ये एक अक्षर न बोललेले अण्णा. त्यांनी घरी आल्यावर जेवण नको म्हटलं, आणि आजीला वाटलं पोट बिघडलं. मी तिचा भाचा, जन्मापासून ओळखतो तिला. यातलं काहीही मला माहीत नव्हतं. माझी बातमी दोन मिनिटांत संपली होती, तिचा फोन तासाभराने ठेवला गेला.

मला शनिवारपर्यंतही थांबवलं नाही; पुस्तकाच्या बाबतीत असा थांबण्याचा धीर गोडसे भटजींकडून शिकावा. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे दक्षिणेच्या आशेने उत्तरेत गेले आणि 1857च्या धामधुमीत सापडले. झाशीचा वेढा त्यांनी आतून पाहिला. केवढी बातमी! ‘माझा प्रवास’ त्यांनी लिहून काढला 1883च्या सुमारास, आणि चिंतामणराव वैद्यांनी तो छापला 1907 साली. आपल्याला मिसळीचा फोटो तर्री निवेपर्यंत धरवत नाही. मी ते पुस्तक अलीकडे वाचलं. कट्ट्यावरच्या निवृत्त बँक अधिकाऱ्यांनी भुवई उचलली. पुढचं आपल्याला माहीत आहे.

अर्थात आधी कुणाला तरी माहीत असणं हे शोधाचं जुनंच दुखणं आहे. अजिंठ्याची लेणी 1819 साली जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने शोधली, असं आपण वाचतो. साहेब वाघाच्या मागावर होता. लेण्यांलगतच्या गावाचं नाव लेणापूर, म्हणजे तिथल्या गुराख्यांना साहेबाची वाट बघायची गरज नव्हती. तरी साहेबाला राहवेना. त्याने दहाव्या लेण्यात रंगवलेल्या चित्रावरच आपलं नाव आणि तारीख कोरून ठेवली. तेव्हा आत चांगला पुरुषभर राडारोडा साचला होता, त्यावर उभा राहून कोरल्यामुळे ते नाव आज आपल्या डोक्याच्या वर येतं. त्याच्याकडे स्टेटस टाकायची सोय असती तर ते चित्र वाचलं असतं. एवढ्या एका कारणासाठी मी मोबाइलवाल्यांना माफ करायला तयार आहे.

या शनिवारी माझ्याकडे निघोज आहे. पारनेर तालुक्यातलं हे गाव. इथे कुकडी नदीच्या पात्रात रांजणखळगे आहेत. पुराच्या पाण्यात अडकलेले दगडगोटे भोवऱ्यात गरगर फिरतात आणि हजारो वर्षांत काळा कातळ रांजणासारखा कोरून काढतात. काही रांजण तर इतके खोल की डोकावताना पाय आपोआप मागे सरकतात. नदीकाठी मळगंगेचं देऊळ आहे. तिथल्या चहावाल्याने विचारलं, “कुठनं आला?” म्हटलं, पुण्याहून, हे बघायला. त्याने चहा गाळता गाळता माझ्याकडे नीट पाहिलं. “खड्डे बघायला पुण्याहून आलात?”

तुम्हीही जा. उन्हाळ्यात, पाणी उतरल्यावर जा, म्हणजे खळगे उघडे दिसतात. सकाळी लवकर पोहोचा, दुपारी कातळ भाजून काढतो. रांजणांच्या कडेला मुलांचे हात सोडू नका. आणि आधीच जाऊन आला असाल तर कृपा करून शनिवारपर्यंत मला सांगू नका.