एसएमपीएसराव साडेचारशे यांना अनावृत पत्र

राजमान्य राजश्री एसएमपीएसराव साडेचारशे यांसी, कृतानेक नमस्कार विनंती विशेष.

पत्रास कारण की, आपलं कौतुक आजवर कुणी लेखी केलेलं नाही. मुंबईचा लॅमिंग्टन रोड घ्या नाहीतर पुण्याची तपकीर गल्ली. गिऱ्हाईक प्रोसेसरच्या भावावर अर्धा तास घासाघीस करतं, ग्राफिक्स कार्डाचे रंगीत दिवे पेटवून बघतं, आणि शेवटी दुकानदार म्हणतो, "कॅबिनेटबरोबर एसएमपीएस फ्री आहे साहेब, टाकून देतो." ते फ्री म्हणजे आपण, कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय. सगळ्या यंत्राचा जीव ज्याच्या हाती, त्यानं स्वतःचं मोल मागू नये! कलियुगात एवढी निरिच्छ वृत्ती दिसत नाही.

आपल्या अंगावरचं स्टिकर वाचलं. वर ठसठशीत '४५० वॉट' आणि खाली मुंगीच्या अक्षरांत तक्ता. हल्लीचा प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड जवळजवळ सगळी वीज १२ व्होल्टच्या लाइनवरून ओढतात, म्हणून तोच रकाना शोधला. तिथे १६ अँपिअर. सोळा बारे एकशे ब्याण्णव. राहिलेले २५८ वॉट कुणाच्या नावावर आहेत, ते आपणच जाणे. आता आरटीएक्स ३०६० हे मधल्या फळीतलं कार्ड एकटंच १७० वॉट मागतं. उरले २२. तेवढ्यात प्रोसेसरनं घर चालवावं, अशी आपली अपेक्षा दिसते. शिवाय अशी कार्डं क्षणभरासाठी ठरल्याहून कितीतरी जास्त ओढतात. २०२२ च्या एटीएक्स ३.० या मानकात सप्लायनं दुप्पट भाराचा असा झटकाही सोसावा, असं म्हटलंय, पण तो कायदा आपल्यासाठी नव्हेच.

दुरुस्तीवाल्याच्या टेबलावर आपलं झाकण उघडलेलं पाहण्याचा योगही आला. मेन्समधला कचरा जिथे गाळायचा, तिथे बोर्डावर कॉइलचं चित्र सुबक छापलेलं होतं. कॉइल मात्र नव्हती. एक तारेचा तुकडा वाकवून दोन भोकं जोडली होती, झालं. शेजारच्या कपॅसिटरवर ८५ अंश लिहिलेलं. चांगल्या सप्लायमध्ये १०५ अंशांचे असतात, आणि दर दहा अंशांमागे कपॅसिटरचं आयुष्य साधारण निम्मं होतं, असा ढोबळ हिशेब आहे. पण विदर्भातल्या मे महिन्यात, बंद कॅबिनेटमध्ये, एवढं आयुष्य हवंय कुणाला? आपण हातात घेतलं की हलके लागता ते उगाच नाही.

आपले काही भाऊबंद भारी शिष्ट आहेत. बारा व्होल्ट म्हणजे ११.४ ते १२.६ च्या आतच, असा त्यांचा हट्ट. दिवे गेले आणि यूपीएसला बॅटरीवर यायला काही मिलिसेकंद लागले, तर तेवढा वेळ ते पोटातल्या साठ्यावर धकवून नेतात. कुठे शॉर्ट झालं, तर आधी स्वतः बंद पडतात. आपल्याला ही आपमतलबी पळवाट ठाऊकच नाही. आपण जाताना मदरबोर्ड आणि हार्ड डिस्कही सोबत नेता, आणि हार्ड डिस्कवर दहा वर्षांचे फोटो असतात.

८० प्लसच्या शिक्क्याचंही लोक उगाच कौतुक करतात. २००४ पासूनचा हा शिक्का सांगतो एवढंच, की भिंतीतून घेतलेल्या विजेपैकी निदान ८० टक्के कॉम्प्युटरपर्यंत पोचते. ब्रॉन्झ, गोल्ड या त्याच्या वरच्या पायऱ्या. ते चारित्र्याचं प्रमाणपत्र नव्हे, हे मात्र मी मान्य करतो. ब्रँडच्या नावावरही जाऊ नये. कॉर्सेअरचे कितीतरी सप्लाय प्रत्यक्षात तैवानची सीडब्ल्यूटी ही कंपनी बनवते, आणि एकाच नावाखाली एक मॉडेल अस्सल तर दुसरं यथातथा असू शकतं. म्हणून मॉडेलची चाचणी वाचावी, वॉरंटीची वर्षं मोजावी. मला विचाराल तर अशा यंत्राला ५५० वॉटचा खरा सप्लाय आपल्या थोरल्या बंधूंच्या ७५० पेक्षा केव्हाही चालेल. पण असं पारखणाऱ्यांच्या घरी आपण जाताच कशाला?

कळावे, लोभ आहेच, तो वाढू नये ही विनंती.

आपला,
एक सावध गिऱ्हाईक

ता. क. आपल्या पाठीवर तो लाल खटका आहे ना, २३० आणि ११५ वाला? अॅक्टिव्ह पीएफसी असलेल्या भाऊबंदांना तो लागत नाही, त्यांना दोन्ही चालतं. आपला मात्र २३० वरच चिकटपट्टी लावून ठेवा. सुट्टीला भाचेकंपनी आली आहे आणि तिला लाल खटके फार आवडतात. ११५ वर सरकवून कुणी बटण दाबलं, तर आपला आवाज खालच्या मजल्यापर्यंत जाईल.