भत्तेखाऊ डबा
सेट-टॉप बॉक्सलाही भत्ते मिळायचे! युरोपीय महासंघाने २००९ च्या नियमांत ‘साध्या’ बॉक्सला चालू असताना वीज खायला जास्तीत जास्त ५ वॉट, असं मूळ वेतन ठरवलं. दुसरा ट्यूनर असेल तर १ वॉट भत्ता. पोटात हार्ड डिस्क असेल तर चक्क ६. भत्ता पगाराहून मोठा, म्हणजे नोकरी पक्की सरकारीच! आता ‘साधा’ कोण? जो फुकटच्या वाहिन्या दाखवतो तो. पैसे भरून बघायच्या वाहिन्यांचं कुलूप सांभाळणारा बडा बॉक्स या वर्गवारीत बसलाच नाही. त्याचं प्रकरण उद्योगाच्या स्वेच्छा-करारावर सोपवलं. शिपायाच्या कटिंगचा हिशेब वहीत, आणि साहेबांना अदबीनं, “तुमचं तुम्हीच बघा हं.”