सायक्लेमेन : नवशिक्यांसाठी सहा पायऱ्या

साहित्य : सायक्लेमेन हेडेरिफोलियमचा एक कंद, पानगळीचे एक झाड आणि स्वतःचे हात मागे बांधायला दोरी.

१. खरेदी. रानातून उपटलेला, वाळलेला कंद घेऊ नये. सायक्लेमेनचा आंतरराष्ट्रीय व्यापार वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावर लगाम घालणाऱ्या ‘साइट्स’ कराराखाली येतो, तो उगाच नाही. रोपवाटिकेत बियांपासून वाढवलेला, मुळे शाबूत असलेला घ्यावा.

२. जागा. याचे माहेर दक्षिण फ्रान्सपासून इटली-ग्रीसमार्गे पश्चिम तुर्कस्तानापर्यंतची राने. तिथे उन्हाळा कोरडा, तेव्हा कंद झोपतो; पाऊस शरद-हिवाळ्यात. इंग्लंडमध्ये असाल तर झाडाच्या बुंध्याशी, जिथे गवतही धरत नाही, अशी निचऱ्याची जागा निवडा. पुण्या-मुंबईत असाल तर नुसते वाचा : याच्या झोपेच्या महिन्यांतच आपल्याकडे पाऊस कोसळतो आणि कंद झोपेतच कुजतो.

३. लागवड. कंद थापलेल्या भाकरीसारखा चपटा. मुळे खाली असतात हे शाळेतले ज्ञान विसरा. याची मुळे वरून आणि कडेने फुटतात. गुळगुळीत, फुगीर बाजू खाली. वर दोन-तीन बोटे पानांचे खत.

४. उन्हाळा. काहीही दिसणार नाही. कंद मेला की काय, हे उकरून पाहू नये. वारंवार उकरल्यास शंका खरी ठरते.

५. शरद. ऑगस्टच्या अखेरीपासून गुलाबी, पांढरी फुले येतात, तीही बहुधा पानांआधी. खत घालायला धावू नका. चंदेरी नक्षीची पाने मागाहून येतात आणि वसंतापर्यंत टिकतात. वरचे झाड उघडेबोडके असते तेव्हा मिळणाऱ्या उन्हावर कंद वर्षभराची बेगमी करतो.

६. बी. फूल सरले की देठ वेटोळे घालून बोंड जमिनीशी आणतो. टापटिपीच्या भरात तो छाटू नये. पुढच्या उन्हाळ्यात बोंड उकलते. बियांवरच्या गोड लेपासाठी मुंग्या त्या पळवतात, लेप खातात, बी टाकून देतात. म्हणजे पेरणी झाली. मुंग्यांची पावडर फवारणाऱ्याने आपला बिनपगारी माळी मारला.

तुमचे काम तिसऱ्या पायरीलाच संपले होते. पुढच्या तीन पायऱ्या तुम्हाला वाचनात गुंतवण्यासाठी लिहिल्या. तरीही हात शिवशिवत असतील तर दूर कुठेतरी गुलाब लावा. त्याला छाटणी मानवते.