साडेतीन शहाणे आणि एक मुका मीटर

भोसरीच्या एमआयडीसीला गुरुवारी सुट्टी असते आणि गुरुवारी सगळ्या मीटरांचं कम्युनिकेशन झकास चालतं. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे, हे कळायला आमच्या धंद्यात थोडे केस पांढरे व्हावे लागतात.

धंदा असा : कारखान्यातले विजेचे मीटर, भट्टीचे टेंपरेचर कंट्रोलर, पाण्याचे फ्लोमीटर यांच्याकडून आकडे गोळा करायचे आणि साहेबांच्या केबिनमधल्या मोठ्या स्क्रीनवर दाखवायचे. साहेब एरवी त्या स्क्रीनकडे ढुंकूनही बघत नाहीत. पण आकड्यांच्या जागी प्रश्नचिन्हं उमटली की त्यांना ती पाठमोरं बसूनही दिसतात, आणि तेव्हा केबिनमध्ये नेमका परदेशी पाहुणा असतो. मग मला फोन. ‘‘तुमचं सॉफ्टवेअर बंद पडलंय.’’ स्क्रीनमागे जे जे काही आहे ते सगळं साहेबांच्या लेखी सॉफ्टवेअरच असतं. त्यात वायरही आली, उंदराने कुरतडलेली असली तरी.

या उपकरणांची आपापसातली बोली म्हणजे मॉडबस. मॉडिकॉन कंपनीने १९७९ साली आपल्या पीएलसीसाठी, म्हणजे यंत्रं चालवणाऱ्या कंट्रोलरसाठी, ती काढली आणि ती अजून ठणठणीत आहे. कारभार शाळेतल्या हजेरीसारखा. मास्तर एक. त्याने १ ते २४७ यांतला नंबर पुकारायचा, ज्याचा नंबर असेल त्यानेच उत्तर द्यायचं, शेवटी सीआरसी नावाचा पडताळा जोडायचा आणि गप्प बसायचं. दोन निरोपांच्या मध्ये किमान साडेतीन अक्षरांइतकी शांतता पाळायची. होय, साडेतीन! साडेतीन मुहूर्तांच्या आणि साडेतीन शक्तिपीठांच्या मुलखात हा प्रोटोकॉल रुजला नसता तरच नवल. ९६०० बॉडच्या वेगाला ही शांतता भरते जेमतेम ४ मिलिसेकंद. साईटवर जमलेल्या माणसांना तेवढीही जमत नाही.

कारण मीटर मुका झाला की तिथे साडेतीन शहाणे गोळा होतात. पॅनलवाला, वायरमन आणि मीटर कंपनीचा माणूस हे तीन पूर्ण. पेशवाईतल्या साडेतीन शहाण्यांत नाना फडणवीस अर्धे धरले गेले ते तलवार चालवत नसत म्हणून, असं सांगतात. मीही अर्धाच, कारण माझ्या हातात स्क्रूड्रायव्हर नसतो.

पॅनलवाला आधी बोलतो. ‘‘मीटर ऑन आहे, डिस्प्ले येतोय. आमच्याकडून ओके आहे.’’ दार उघडून बघावं तर आत आठ मीटर ओळीने उभे, आणि आठही जणांचा नंबर १. पेटीतून निघताना होता तोच. मास्तरांनी ‘एक’ म्हटलं की आठही जण एकदम ‘हजर’ म्हणून कोकलतात, सगळ्या आवाजांची भेळ होते, पडताळा जुळत नाही आणि सॉफ्टवेअर बिचारं लिहितं, ‘टाइमआउट’. पॅनलवाल्याचं म्हणणं, ‘‘पण साहेब, उत्तर तर येतंय ना?’’

वायरमनचं शास्त्र वेगळं. मॉडबस ज्यावरून धावते त्या आरएस-४८५ च्या दोन तारा, ए आणि बी. मीटर बोलत नसला की तो म्हणतो, ‘‘उलटं करून बघू.’’ ऐकणाऱ्याला हा अडाणीपणा वाटेल, पण माणूस शंभर टक्के बरोबर असतो. मानकात ज्या तारेला ए म्हटलंय तिलाच कित्येक कंपन्या बी म्हणतात, आणि तारा उलट जोडल्याने काही जळतही नाही. तेव्हा पुस्तक वाचण्याआधी तारा उलटून पाहणं हीच या क्षेत्रातली प्रगत पद्धत. अडचण पुढे आहे. ही केबल १२०० मीटरपर्यंत जाऊ शकते, पण एका मीटरवरून दुसऱ्यावर अशी सरळ ओळीने, दोन्ही टोकांना १२० ओहमचा रेझिस्टर लावून. वायरमन तिला झाडासारख्या फांद्या फोडतो. रेझिस्टर मला त्याच्या खिशात सापडतात. ‘‘हे उरले होते.’’

मीटर कंपनीचा माणूस साईटवर सहसा येत नाही, पीडीएफ पाठवतो. पीडीएफमध्ये रजिस्टर लिहिलेलं असतं ४०००१, तारेवरून मात्र पाठवायचं असतं ०. एका आकड्याची ही चूकभूल देणे-घेणे करण्यात अख्खी शिफ्ट जाते. ती मिटली की व्होल्टेज येतं. मागे एका कारखान्यात ते आलं १७२५४. साहेबांनी तडक वीज मंडळाला फोन लावायला सांगितला. मंडळ निर्दोष होतं. २३० हा आकडा दशांशाच्या पद्धतीने साठवला की त्याचे दोन तुकडे पडतात, आणि दोन शेजारशेजारच्या रजिस्टरांत बसतात. त्यातला पहिलाच तुकडा साधा पूर्णांक समजून वाचला की बरोबर १७२५४ होतात. दोन्ही तुकडे वाचले पण उलट क्रमाने, तर स्क्रीनवर शून्य येतं. शून्य व्होल्टवर कारखाना जोरात चालू! साहेबांना हे दुसरं जास्त आवडलं.

आता उरला अर्धा शहाणा. माझ्या वाट्याला कॉम पोर्ट. कॉम्प्युटरला यूएसबीतून कन्व्हर्टर लावलेला असतो, समजा तो कॉम ३ आहे. रात्रपाळीच्या ऑपरेटरला मोबाइल चार्ज करायचा असतो. तो कन्व्हर्टर उपसतो, सकाळी शेजारच्या भोकात नीट परत लावतो (माणूस सज्जन आहे), आणि विंडोज त्याचं बारसं नव्याने करून कॉम ७ नाव ठेवतं. सॉफ्टवेअर दिवसभर कॉम ३ च्या दारात हाका मारत उभं. किंवा कोणीतरी तपासणीसाठी दुसरा प्रोग्रॅम उघडून तसाच ठेवलेला असतो, पोर्ट त्याच्या ताब्यात, आणि आम्हाला प्रवेश नाकारला जातो. मी सांगतो, ‘‘माझ्याकडून ओके आहे.’’ साथीचा रोग आहे हा.

आणि गुरुवार. सुट्टीच्या दिवशी मोटरी बंद, ड्राइव्ह बंद. व्हीएफडी ड्राइव्ह मोटरीचा वेग बदलायला वीज सेकंदाला हजारो वेळा तोडते-जोडते, आणि मोटरीच्या केबलशेजारी त्याच ट्रेमध्ये आमची केबल टाकली असेल तर त्या गोंगाटात मीटरचा आवाज बुडतो. गुरुवारी आम्ही टेस्टिंग करतो, सही घेतो, पेढे खातो. शुक्रवारी पहिली शिफ्ट सुरू होते आणि प्रश्नचिन्हं उमटतात. उपाय ठाऊक असतो : केबल वेगळ्या वाटेने न्या, पीळ आणि शील्ड असलेली घ्या, शील्ड एकाच टोकाला अर्थ करा. पण केबल बिलात दिसते आणि गोंगाट बिलात दिसत नाही.

तरी प्रश्नचिन्ह परवडलं. काही सॉफ्टवेअर इतकी सभ्य असतात की मीटर गप्प झाला तरी त्याचा शेवटचा आकडा तसाच दाखवत राहतात. एका ठिकाणी सुट्टीच्या दिवशीचा लोड असा पुढचे कित्येक दिवस स्क्रीनवर गोठून होता. मॅनेजमेंटच्या मीटिंगमध्ये तो वीजबचत म्हणून सादर झाला, टाळ्याही पडल्या. मीटर जागा झाला तेव्हा बचत करणाऱ्याचं प्रमोशन होऊन गेलं होतं. मुका मीटर निदान खोटं तरी बोलत नाही. जुना आकडा ताजा म्हणून दाखवणारं सॉफ्टवेअर मी सरळ काढून टाकतो.

हे वाचणाऱ्यांत कोणी पॅनल बनवणारे असतील तर त्यांना हात जोडून एक विनंती. प्रत्येक मीटरला वेगळा नंबर द्या, आणि तो नंबर, बॉड रेट आणि पॅरिटी दाराच्या आतल्या बाजूला लिहून ठेवा. पेन्सिलने नको, मार्करने.