दहावीचे मानकरी

नववीचा निकाल बहुधा १ मे रोजी हाती पडतो. १९६० साली याच तारखेस मराठी माणसाला स्वतःचे राज्य लाभले. नववी उत्तीर्ण झालेल्या मुलाचे राज्य मात्र त्याच तारखेस खालसा होते, अशी त्याची समजूत असते. ती समजूत चेहऱ्यावर वागवीत, शाळा उघडेपर्यंतचे सहा आठवडे तो घरादारावर जे निरंकुश आधिपत्य गाजवतो, ते पाहिले म्हणजे खालसा नेमके कोणाचे झाले याविषयी शंका येऊ लागते. कालपर्यंत ज्याला दळण आणायला पिटाळीत, तोच इसम ‘यंदा दहावीला आहे’ या सनदेच्या बळावर दळण, भाजी आणि गच्चीवरच्या कुरडयांची राखण अशा समस्त वेठबिगारीतून मुक्त होतो, आणि ती कामे कोणतीही तक्रार दाखल करून न घेता सातवीतल्या धाकट्या बहिणीच्या नावे वर्ग केली जातात.

या मानकऱ्याच्या हातून सुट्टीत तडीस जाणारे एकमेव कार्य म्हणजे वेळापत्रक. त्यासाठी ड्रॉइंगचा जाड कागद येतो, स्केचपेनांचा नवा संच येतो, पट्टीने रेघा आखल्या जातात, गणिताला लाल आणि मराठीला हिरवा असा रंगांचा बंदोबस्त होतो. पहाटे ५ ते ७ बीजगणित, ७ ते ७.१५ दूध, पुढे भूमिती, आणि बिचाऱ्या भूगोलाला रविवारी संध्याकाळचा उरलासुरला अर्धा तास. हे दस्तऐवज मध्यरात्र उलटून गेल्यावर तयार होत असल्यामुळे दुसऱ्या दिवशीची पहाट अर्थातच हुकते, आणि एकदा पहाट हुकली की तो सबंध दिवस त्याच्या लेखी बेकायदेशीर ठरतो. आता बेकायदेशीर दिवशी अभ्यास कसा करावा? सबब अंमलबजावणी सोमवारपर्यंत तहकूब होते, कारण मंगळवारी सुरू झालेला अभ्यास या वर्गाला मुळीच मान्य नाही. सोमवारी मामा येतात. मग नवा कागद येतो.

आजोबा अकरावीच्या मॅट्रिकचे. दहावीची पहिली परीक्षा १९७५ च्या मार्चात झाली, आणि तेव्हापासून सरकारने पोरांना एक वर्ष फुकट माफ केले आहे, हे त्यांचे मत कोणत्याही शिक्षणतज्ज्ञाला खोडता आलेले नाही. त्यातच अलीकडे दहावीचा निकालही मे महिन्यातच लागू लागल्यामुळे शेजारपाजारच्या यशाचे पेढे ऐन सुट्टीत घरी येतात. पेढा तोंडात आणि आईची नजर कपाळावर, अशा अवस्थेत तो खावा लागतो. तरी तो दुसरा उचलतो, हे त्याच्या धैर्याचे द्योतक मानले पाहिजे.

महिन्याच्या मध्यावर व्हेकेशन बॅचला सुट्टी पडली की कुटुंब गावी निघते, आणि राजापूर रोडला उतरताना सर्वांत जड पिशवी असते ती पुस्तकांची. ती वडील उचलतात. गावच्या घरी चिरंजीव विज्ञानाचे पुस्तक घेऊन ओटीवरच्या झोपाळ्यावर आडवे होतात. पहिलेच प्रकरण गुरुत्वाकर्षणाचे असल्यामुळे थोड्याच वेळात पुस्तक त्या नियमास अनुसरून छातीवर येते, आणि आजी सुनेला दटावते, “अगो, उठवू नको त्याला. वाचून वाचून डोळे मिटलेत.”

याच मुलाला संध्याकाळी आढीपाशी पाहावे. अंधाऱ्या खोलीत गुडघे टेकून, पेंढा हलक्या हाताने बाजूला सारून तो एकेक हापूस उचलतो, देठापाशी नाक नेतो, बोटाने किंचित दाबतो. साल जराशी सुरकुतलेला आजच्या ताटासाठी, देठाशी हिरवट असलेला परत पेंढ्यात, काळा ठिपका दिसला की लगेच वेगळा, कारण एक नासका आंबा साऱ्या रांगेला भोवतो, हे त्याला कोणी शिकवावे लागलेले नाही. काळोखात केवळ वासावरून तो पायरी ओळखतो. मंडळाने आंब्यांचा एक पेपर ठेवला असता तर मुलगा खात्रीने जिल्ह्यात पहिला आला असता. परंतु मंडळाला असल्या गोष्टी सुचत नाहीत.

अभ्यास मात्र घरात होतच नाही असे समजू नये. गाइड हातात धरून रोज प्रश्न विचारायचे आणि उत्तर न आल्यास तेच मोठ्याने वाचून दाखवायचे, हे काम आईकडे असल्यामुळे पहिली दोन प्रकरणे तिची तोंडपाठ झालेली असतात, आणि रात्री सगळे निजल्यावर बीजगणित सोडवून पाहण्याची चटक वडिलांना लागलेली असते. धाकटी तर जेवताजेवता सनावळ्या म्हणते.

जूनच्या तोंडावर, परतीच्या आदल्या दिवशी, निवृत्त मास्तर असलेले शेजारचे काका ओटीवर येऊन बसतात आणि जुन्या खोडीप्रमाणे विचारतात, “काय रे, दहावीत ना तू? सांग पाहू, गुरुत्व त्वरण ध्रुवावर जास्त की विषुववृत्तावर?”

“ध्रुवावर!” फणसाचे गरे काढता काढता माजघरातून आई सांगते.

चिरंजीव झोपाळा पायाने थांबवतात, क्षणभर विचार केल्यासारखे करतात, आणि मान डोलावून काकांना म्हणतात, “बरोबर आहे तिचं.”