उसने उपरणे

१८५२ पासून नगरपालिका म्हणून नांदणाऱ्या आमच्या पनवेल गावास १ ऑक्टोबर २०१६ रोजी महानगरपालिकेचा दर्जा प्राप्त झाला, आणि त्यासोबत ‘पीएमसी’ हे, पुण्याने कित्येक वर्षे पांघरलेले व पाटण्यासही तितकेच शोभणारे, उसने उपरणे खांद्यावर आले. परवा सोसायटीच्या सभेत, पुनर्विकासासाठी नेमलेल्या सल्लागारासही हीच तीन अक्षरे लाभली असल्यामुळे, ‘पीएमसीने पीएमसीकडे रीतसर अर्ज करावा’ हा ठराव चिटणिसांनी वाचताच, इतका वेळ डुलकी घेणारे वयोवृद्ध खजिनदार, २०१९ साली रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातलेल्या याच नावाच्या सहकारी बँकेच्या स्मरणाने दचकून उठले व ठेवपावत्यांची पिशवी छातीशी धरून म्हणाले, “माझी हरकत नोंदवा!” ती नोंदवली गेली; कोणत्या पीएमसीविरुद्ध, याविषयी इतिवृत्त मौन बाळगून आहे.