कव्हरकाका

निवडणूक झाली की उमेदवार निकालाची वाट पाहतात, आमचे कव्हरकाका फ्लेक्स उतरायची. एक मोठा फ्लेक्स हाती लागला की खिडकीतला कूलर, अंगणातला टिल्लू पंप आणि उरलेल्या तुकड्यात मीटरची पेटी, एवढं सगळं झाकून होतं. पंपावर आधी १५ किलोचा कापलेला तेलाचा पिपा, त्यावर फ्लेक्स, त्यावर सुतळी, वर वीट. पाणी आलं की पंप सोलायला घ्यायचा. सोलून होईस्तोवर नळ गेलेला असतो.

नागपूरच्या उन्हाळ्यात कूलर म्हणजे घरातला कर्ता पुरुष. इतर लोक मार्चमध्ये ताट्यांमध्ये नवं वुडवूल भरतात, टाकीला काळा रंग मारतात आणि मोकळे होतात. काकांचा हिशेब वेगळा. ‘‘कूलर चालते चार महिने अन् उभा राह्यते आठ महिने. मंग जास्त काळजी कवाची कराची, सांगा बाप्पा!’’

२३ मे २०१३ ला शहराचा पारा ४७.९ वर गेला. अख्खं नागपूर कूलरसमोर बसलेलं असताना काकांनी आपला बंद केला. चालता कूलर थरथरतो, माप चुकतं म्हणे. काकू ओल्या पंच्यानं वारा घेत बसल्या आणि काका टेप धरून, दाभण दातांत घेऊन, कूलरभोवती प्रदक्षिणा घालत राहिले.

त्या कव्हरवर एक नेते हात जोडून खिडकीतून थेट आत पाहत होते. काकू म्हणाल्या, ‘‘या माणसासमोर मी केस विंचरणार नाही.’’ काकांनी फ्लेक्स उलटा केला. पुढचे आठ महिने नेत्यांनी कूलरला शुभेच्छा दिल्या.

कव्हर इतकं घट्ट शिवलेलं, की पावसाचा थेंब आत जात नव्हता आणि आतली ओल बाहेर पडत नव्हती. उन्हात वाफ, रात्री थेंब. खाली पत्र्याला गंज धरला, मोटरचा शाफ्ट जाम झाला. मिस्त्री म्हणाला, ‘‘काका, वरून झाका, पण खालून वीतभर सोडा. हवा खेळू द्या.’’ काकांना तो सल्ला अपमानासारखा लागला. दुसऱ्या वर्षी त्यांनी दोरीचा आणखी एक वेढा वाढवला.

पण कव्हरला पोट असतं आणि पोटाला एखादी उसवलेली शिवण. होळीनंतर कव्हर सोडलं, तर जुन्या वुडवूलमध्ये मांजर व्यालेली. चार पिल्लं, डोळे मिटलेली. काकू म्हणाल्या, ‘‘तुमाले कव्हर शिवाले सांगतलं होतं, माहेर नाही.’’

त्या वर्षी काकांचा कूलर एप्रिल संपेस्तोवर लागला नाही. ते अंगणात कडुनिंबाखाली बनियनवर बसून वर्तमानपत्रानं वारा घेत. कुणी विचारलं की सांगत, ‘‘मोटर दुरुस्तीले दिली.’’ मोटर त्यांच्याच खाटेखाली होती, कव्हर घालून.

यंदाच्या कव्हरला मात्र खाली एक गोल भोक आहे, कडेनं टाके घातलेलं, बटनाच्या काजासारखं सुबक. मिस्त्रीनं पाहिलं आणि खूश झाला. ‘‘पटलं ना काका? हवा पाह्यजेच.’’

‘‘हो ना,’’ काका म्हणाले.

भोकाचं माप त्यांनी कशावरून घेतलं, ते फक्त काकूंना ठाऊक आहे. टेप धरून ठेवायला त्याच होत्या. मांजर हलत होती.